दसऱ्याचा फोटो

कुंदानं बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाली, "बिचारा. पण जाळी काढून काम करायचं म्हणजे आपल्याच हातानं मरण ओढवून घेणं झालं, नाही का हो?" विद्याधरच्या कपातला चहा बशीत सांडला. फार नाही, घोटभर. त्यानं तो बशीतूनच पिऊन टाकला. बातमी सात ओळींची होती. साकीनाक्याजवळच्या रबराच्या कारखान्यात परवा दुपारी सहदेव नावाचा कामगार मोठ्या रोलरमध्ये सापडून मरण पावला. यंत्रावरची संरक्षक जाळी त्याने स्वतःच काढून ठेवली होती असे चौकशीत दिसून आले. मृताच्या मागे पत्नी व एक मुलगी आहे. या सातही ओळी विद्याधरनं लिहिल्या होत्या. वर्तमानपत्रानं त्यातला शब्दही हलवला नव्हता. नऊ वर्षं उपसंपादकाच्या खुर्चीत बसून लोकांच्या बातम्या कापणाऱ्या माणसाला आपली बातमी अशी अख्खी उतरलेली पाहून बरं वाटायला हवं होतं, आणि लाजेची गोष्ट म्हणजे क्षणभर तसं वाटलंही. मग कुंदाचं ते ‘नाही का हो’ आलं. कुंदाला कारखान्यात अपघात झाला एवढंच ठाऊक होतं. बातमी कुणी लिहिली ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती अंधेरीतल्या दोन खोल्यांत बसून वाचणारी साधी वाचक होती आणि तिच्या गळी बातमी सहज उतरली होती. दुपारपर्यंत मुंबईभर अशीच उतरणार होती. लोक चुकचुकतील, पान उलटतील, पुढं सिनेमाच्या जाहिराती असतील.

कारखान्यात विद्याधरच्या हुद्द्याला प्रसिद्धी अधिकारी म्हणत. म्हणजे रबरी चपलांची कॅलेंडरं काढायची, दिवाळीला जाहिराती द्यायच्या, शेठनी एखाद्या शाळेला पंखा दिला तर त्याचा फोटो छापून आणायचा. श्यामकांत कारखान्याचा मॅनेजर, कॉलेजातला सोबती. विद्याधरचं वर्तमानपत्र डबघाईला आलं तेव्हा त्यानंच त्याला इथं आणून बसवलं. दोन वर्षं विद्याधरला आपण फुकटचं खातो असं वाटत आलं होतं. गुरुवारी दुपारी रोलर थांबले, शेडमधून माणसं बाहेर पळत आली आणि श्यामकांत पांढराफटक चेहरा घेऊन त्याच्या टेबलाशी उभा राहिला, तेव्हा विद्याधरला पहिल्यांदा समजलं की आपल्याला इथं कशासाठी ठेवलंय. श्यामकांत म्हणाला, आता तूच बघ, मला काही सुचत नाहीये. आणि विद्याधरला सुचत गेलं, पाण्यासारखं सुचत गेलं. त्यानं आधी सगळ्या वर्तमानपत्रांना आपणच फोन केले, कारण बातमी आपण दिली की आपली असते, दुसऱ्यानं दिली की त्याची. मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशी तीन पत्रकं टाइप करून घेतली. शुक्रवारी सकाळी बातमीदारांना टॅक्सी पाठवून कारखान्यावर बोलावलं, चहा आणि गरम बटाटेवडे दिले आणि कुणी विचारायच्या आत सगळं दाखवायला सुरुवात केली. लपवणाऱ्याला लोक खोदत बसतात, दाखवणाऱ्याला कुणी विचारत नाही. शेड धुऊन घेतली होती. रोलरला टेकून जाळी उभी केली होती, पुरुषभर उंचीची, लोखंडी चौकटीची. ही ती जाळी, विद्याधर म्हणाला आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

त्या घोळक्यात दशरथ होता. जुन्या वर्तमानपत्रात दोघांची टेबलं एकमेकांना लागून असत. दशरथ कारखान्यांच्या बातम्या करून केस पांढरे झालेला माणूस. हातातला वडा संपवून त्यानं जाळीवरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. सगळे पुढं गेल्यावर तो मागं राहिला. "जाळीवर धूळ कशी रे एवढी?" त्यानं विचारलं. विद्याधर म्हणाला, रबराचा कारखाना आहे, शंखजिऱ्याची भुकटी उडत असते, कुठंही हात लाव. आणि ते खरंच होतं, रबर चिकटू नये म्हणून ती भुकटी पोत्यांनी लागे. दशरथनं बोट धोतराला पुसलं. "तू सांगतोस ना, मग झालं," एवढंच तो म्हणाला आणि वहीत काही न लिहिता टॅक्सीकडं गेला. तो वाकून पाहता तर जाळीच्या खालच्या पट्टीत अडकलेली झेंडूची वाळकी पाकळी त्याला दिसली असती. विद्याधरला ती दिसली होती. बातमीदार यायच्या आधी पाच मिनिटं त्यानं ती नखानं काढायचा प्रयत्न केला होता, पण पाकळी तुटली आणि अर्धी तिथंच राहिली.

झेंडू दसऱ्याचा होता. त्या दिवशी कारखान्यात यंत्रं बंद असत आणि यंत्रांचीच पूजा असे. रोलर घासूनपुसून लख्ख केले जात, त्यांना हळदकुंकू लागे, आंब्याचे टाळे आणि झेंडूच्या माळा चढत, पुढं नारळ फुटे. कोकणातली माणसं जास्त. त्यांनी आदल्या दिवशी बसून माळा ओवल्या होत्या, आणि सहदेवनं आपल्या रोलरसाठी सगळ्यात लांब माळ केली होती, दोन रोलरांच्या मधून नागमोडी फिरवलेली. विद्याधरला हा फोटो वर्तमानपत्रासाठी हवा होता. घाटकोपरहून नंदकिशोर फोटोग्राफर कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घेऊन आला, काळ्या कापडात डोकं खुपसून बघून बाहेर आला आणि म्हणाला, साहेब, पुढं जाळी येते, फुलं मागं लपतात. तेव्हा विद्याधर म्हणाला होता, मग काढा हो ती जाळी पाच मिनिटं. फोरमन तिथंच उभा होता. श्यामकांतही उभा होता, रेशमी झब्बा घालून. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, यंत्र तर बंदच होतं. सहदेवनं पाना घेऊन चार बोल्ट सोडवले, हसत हसत. फोटो उत्तम आला. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं तेव्हा बोल्ट कुठल्या डब्यात गेले ते मिळेनात, म्हणून एक पाळी तशीच काढली. त्या पाळीला माल जास्त निघाला. जाळी असली की रबर सारखं करायला दर वेळी रोलर थांबवावा लागे. जाळी नसली की हात घालून चालत्या यंत्रावरच ते नीट करता येई. फोरमननं ते श्यामकांतला सांगितलं. श्यामकांत हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. जाळी भिंतीला टेकून राहिली, चार महिने.

हे सगळं विद्याधरला गुरुवारपासून पाठ होतं. पत्रक लिहिताना तो त्या एका वाक्याशी थांबला होता, नाही असं नाही. जाळी कुणी काढली? मग त्यानं स्वतःला विचारलं, बोल्ट कुणी सोडवले? सहदेवनं. कुणाच्या हातानं? सहदेवच्याच. मग वाक्य खोटं कुठं आहे? आयुष्यभर त्यानं खोटी बातमी दिली नव्हती आणि आताही देत नव्हता, फक्त चार महिने वगळत होता. जागा कमी असली की उपसंपादक काही ना काही वगळतोच. रक्त धुतलेल्या शेडपासून पन्नास पावलांवर बसून त्यानं हा हिशेब स्वतःला पटवला आणि पत्रक टायपिस्टकडं दिलं. कायद्यानं जे द्यायचं ते कंपनी त्या बाईला देणारच होती. श्यामकांत त्या बाबतीत माणूस वाईट नव्हता. पण जाळी कंपनीनं काढून ठेवली होती असं ठरलं तर फॅक्टरी इन्स्पेक्टर शेडला कुलूप लावील, श्यामकांत तुरुंगात जाईल, दोनशे माणसं रस्त्यावर येतील. मेलेल्याला काय, त्याच्यावर घातलं तर त्याचं काही जात नाही. असं श्यामकांत म्हणाला होता. विद्याधरनं तेव्हा मान डोलावली होती, आणि ती मान आपलीच होती हे त्याला आता शनिवारी सकाळी, रिकाम्या कपाकडं बघताना, नव्यानं जाणवत होतं.

कारखान्यात गेल्या गेल्या श्यामकांतनं त्याला आत बोलावलं. त्याचे डोळे लाल होते, दाढी वाढली होती. बातमी चांगली आल्याचं तो बोललाही नाही. सोमवारी इन्स्पेक्टर येतोय, तो म्हणाला, आणि मला पहाटे आठवलं, तो दसऱ्याचा फोटो. वर्तमानपत्रातला फोटो पोस्टकार्डाएवढा, त्यात माळा दिसत होत्या, शेजारी सहदेव दिसत होता. जाळी नव्हती हे कुणी पाहायचं म्हटलं तरच कळलं असतं. त्याचा छपाईचा जस्ताचा ब्लॉक विद्याधरच्या खणात होता. मूळ निगेटिव्हची काच नंदकिशोरकडं होती. आणखी एक मोठी प्रत होती. कंपनीनंच चौकटीत घालून सहदेवला दिली होती, माळ सुंदर केल्याबद्दल. विद्याधरच्याच कल्पनेनं. श्यामकांत खाली बघत म्हणाला, "ती तू आणलीस तर बरं होईल. मी गेलो तर ते लोक बिथरतील. तू शब्दांचा माणूस आहेस."

रविवारी दुपारी तो घाटकोपरला भटवाडीच्या टेकडीकडं निघाला. उन्हानं पायवाटेची माती पांढरी पडली होती. चढताना तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. फोटो वर्तमानपत्रात छापायचाय, मोठा करून देतो, दोन दिवसांत परत. प्रत्येक वाक्य चोख होतं. लहानपणी वडिलांनी मारलं की तो असाच मनात वाक्यं जुळवत बसायचा, वळांबद्दल काय सांगितलं म्हणजे आईला खरं वाटेल. आई दर वेळी खरं मानायची. तिला कळत नव्हतं की कळूनही ती मानत होती, हे त्याला कधी समजलं नाही, आणि ती गेल्यावर ते विचारायलाही कुणी उरलं नाही. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत सहदेवचं बिऱ्हाड शेवटचं होतं. दारात सहदेवचा धाकटा भाऊ धोंडू बसला होता. तो कारखान्यात माल बांधायच्या खात्यात होता. शनिवारीच त्याला भावाच्या जागी रोलरवर घ्यायचं ठरलं होतं, हे विद्याधरला ठाऊक होतं. धोंडू उठून उभा राहिला आणि मग सगळा वेळ जमिनीकडंच बघत राहिला. आत सहदेवची बायको मालन भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सातआठ वर्षांची मुलगी झोपलेली. समोरच्या भिंतीवर तो फोटो होता. त्याला ताज्या फुलांचा हार होता.

विद्याधरनं ठरवलेली वाक्यं म्हटली. ती त्याला वाटली होती त्याहून सोपी गेली. मालननं मुलीचं डोकं अलगद चटईवर ठेवलं, उठून हार काढला, फोटो काढून पदरानं काच पुसली आणि तो त्याच्या हातात देताना कडेला एका जागी बोट ठेवलं. "ह्यो हात तुमचो मां?"

त्यानं पाहिलं. वर्तमानपत्रात ही कड आलीच नव्हती, ब्लॉक करताना तिथूनच कातरली होती. या मोठ्या प्रतीत ती सबंध होती. डावीकडं हसणारा सहदेव, हातात पाना, मधे माळा, आणि उजव्या टोकाला जाळीची चौकट, एका हातानं बाहेर ओढून धरलेली. माणूस चित्राबाहेर होता. हातावर दुमडलेली बाही, मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. आत्ताही तेच घड्याळ त्याच्या हातावर टिकटिकत होतं. नंदकिशोर ओरडला होता, जाळी अजून थोडी बाजूला, आणि कुणी पुढं होईना म्हणून तोच धावला होता. हे तो विसरला होता. खरंच विसरला होता, चार बोल्ट आठवणारा माणूस आपला हात विसरला होता.

मालन सांगत होती. सहदेव येणाऱ्याजाणाऱ्याला हा हात दाखवायचा, म्हणायचा, बघा, आमचे साहेब माझ्यासाठी जाळी धरून उभे राहिले. पेपरातलं धोंडूनं वाचून दाखवलं तेव्हा आळीतल्या बायका चार शब्द बोलल्या. मुलीला शेजारच्या पोरांनी काही सांगितलं, तेव्हापासून ती जेवत नाही. मालनच्या आवाजात ना राग होता ना रडणं. एखाद्याला पत्ता समजावून सांगावा तशी ती सावकाश बोलत होती. "चेडू माका इचारता, बापूस आपल्याच चुकीन मेलो काय? मी काय सांगू तिका? तेंनी आपल्या मनान जाळी काढूक नाय, साहेब. तुमी थंय होतास. तुमका म्हायत असा. ह्यो फोटो छापा, तुमच्या हातासकट छापा, म्हणजे लोकांका समजतला." म्हणजे फोटो ती फसून देत नव्हती. सगळं कळूनच, त्याच्यावर विश्वास टाकून देत होती. विद्याधरला वाटलं, आता चौकट खाली ठेवावी आणि पळत सुटावं. किंवा खाली बसावं आणि सांगावं. तोंड उघडलं तेव्हा त्यातून निघालं, "छापतो." धोंडूनं तेवढ्यापुरती मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

टेकडी उतरताना दशरथचं घर वाटेवरच होतं, घाटकोपर स्टेशनच्या मागच्या गल्लीत. फोटो काखेत होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दशरथच्या हातात तो नुसता द्यायचा, काही बोलायचीही गरज नव्हती. दशरथनं बोटानं धूळ पाहिली होती, तो उरलेलं स्वतःच वाचील. गल्लीच्या तोंडाशी विद्याधर उभा राहिला. पहिल्या मजल्यावर दशरथ गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता, धोतर गुडघ्यापर्यंत, मांडीवर नातवंड. त्यानं वर पाहिलं असतं तर विद्याधर दिसला असता. विद्याधरला वाटत होतं की तो बघील आणि हाक मारील. हाक आली तर जायचं. बराच वेळ तो तसा उभा होता. पानवाल्यानं दोनदा विचारलं, काय हवंय. तुरुंगात श्यामकांतबरोबर तोही जाईल का, याचा विचार त्यानं तिथंच केला. कुंदाचा केला, तिच्या वडिलांचा केला, दोनशे माणसांचाही केला. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात थोडा, मुलीचा. दशरथ नातवंडाला घेऊन आत गेला.

घरी त्यानं फोटो कपाटात शर्टांखाली ठेवला. संध्याकाळी कुंदा इस्त्रीचे कपडे आत ठेवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तो आत गेला तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसली होती, चौकट गुडघ्यांवर. "हे बाबांनी दिलेलं घड्याळ," ती म्हणाली. शनिवारचं तिचं बोलणं तिला आठवत असावं, कारण तिचा चेहरा कुणी फसवल्यावर होतो तसा झाला होता. तिनं फोटो होता तसा गुंडाळला आणि शर्ट नीट लावले. त्यानंतर ती त्याला पेपर कधीच मोठ्यानं वाचून दाखवत नसे.

सोमवारी इन्स्पेक्टर येऊन गेला. नव्या बोल्टांनी बसवलेली जाळी त्यानं हलवून पाहिली, पत्रकातलंच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत आपल्या कागदावर उतरवलं आणि चहा घेतला. श्यामकांतचा जीव भांड्यात पडला. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर त्यानं विद्याधरनं आणून दिलेला दसऱ्याचा फोटो चौकटीतून काढून पहिल्यांदा नीट पाहिला आणि त्याला हसू आलं. थकलेल्या माणसाला कशाचंही येतं तसं. "अरे, हा तर तूच की," तो म्हणाला. मग गंभीर झाला. त्या बाईकडं नवऱ्याचा दुसरा फोटो नसेल. तेरावा आहे पुढच्या मंगळवारी. आपण तेवढा चेहरा कापून मोठा करून देऊ, चांगल्या शिसवी चौकटीत, कंपनीतर्फे. ही कल्पना सुचल्यावर त्याला खरोखर बरं वाटलं आणि त्यानं विद्याधरच्या खांद्यावर हात ठेवला.

नंदकिशोरनं काच टेबलावर ठेवून विचारलं, कुठून कापू, साहेब? विद्याधरनं खिशातली लाल पेन्सिल काढली. नऊ वर्षांची सवय. रेघ सरळ आली, सहदेवच्या खांद्याला घासून, पान्याच्या वर, माळेच्या अलीकडं. चेहरा ठेवायचा, बाकी उडवायचं. काम झाल्यावर काच त्यानं मागून घेतली. ती, ब्लॉक आणि जुनी प्रत श्यामकांतनं बॉयलरच्या भट्टीत टाकली. प्रत आधी एका कडेनं वळली, घड्याळाच्या बाजूनं.

तेराव्याला विद्याधर एकटाच टेकडी चढला. खोलीत माणसं होती, पानं मांडली जात होती. धोंडू नव्हता, त्याची पाळी होती. मालननं नवी चौकट दोन्ही हातांनी घेतली. फोटो मोठा होता, स्पष्ट होता. सहदेवचे दात दिसत होते, गालावरची जुनी खूणही दिसत होती. बायका जवळ येऊन बघू लागल्या. मुलगी पुढं झाली आणि बापाच्या चेहऱ्याला हात लावून मागं सरली. चांगलो इलो, मालन म्हणाली आणि ते ती मनापासून म्हणाली. मग तिनं काचेवरून बोट फिरवलं, चेहऱ्यावरून उजवीकडं, चौकटीच्या लाकडापर्यंत, आणि लाकडावर ते थांबलं. चौकट उलटी करून तिनं मागची पाठही पाहिली. मुलगी तिच्याकडं बघत होती. मालननं विद्याधरकडं मान वर केली.

"आणि तुमचो हात खंय गेलो?"

विद्याधरनं घड्याळाचा हात खिशात घातला.